दुबार पेरणीचे वर्ष

पावसाळा लागला की भंडारा जिल्ह्यात कारध्याचे नाव रोज निघू लागते. वैनगंगेच्या काठावर, भंडारा शहरासमोर वसलेल्या या गावाच्या पुलापाशी नदीची पातळी मोजली जाते. २४५ मीटर ही इशाऱ्याची रेषा आणि २४५.५० मीटर ही धोक्याची. आकडा एक, पण त्यावर किती गावांची झोप अवलंबून! वस्तुतः कारध्याच्या पुलाखालून वाहणाऱ्या त्या पाण्यात कारध्याचे स्वतःचे पाणी कितीसे असते? शिवनी-बालाघाटकडे पाऊस किती पडला, वर संजय सरोवराचे दरवाजे किती उघडले, खाली गोसीखुर्दच्या धरणाने पाणी किती तुंबवून धरले, या साऱ्याचा तो जमाखर्च असतो. मोजपट्टी खोटे बोलत नाही. पण ती पाण्याची उंची सांगते, पाणी कोठून आले ते सांगत नाही.

याच जून महिन्यात घराघरांतून दुसरा एक आकडा येऊन पडतो. वैद्यकीय प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेचा, ज्याला सारा देश आता ‘नीट’ म्हणून ओळखतो, निकाल २०२४ साली ४ जूनला लागला आणि २०२५ साली १४ जूनला. ७२० पैकी इतके. रोवणीसाठी पऱ्हे टाकण्याच्या गडबडीत असलेले शेजारी बांधावरूनच विचारतात, “मार्क किती भेटले?” मुलगी आकडा सांगते आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून स्वतःची किंमत वाचते. हा आकडा मात्र कोणी वरच्या पावसाचा मानत नाही. तो तिचा एकटीचा, तिच्या बुद्धीचा, तिच्या कष्टाचा किंवा आळसाचा समजला जातो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला अकरावीत एकदम इंग्रजीतून पदार्थविज्ञान शिकावे लागले, तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या विषयाला नियमित शिक्षक होता की नव्हता, परीक्षेआधीच्या महिन्यात घरी उन्हाळी धानाची कापणी होती, यांपैकी एकही गोष्ट गुणपत्रिकेवर छापलेली नसते.

अपेक्षेपेक्षा कमी गुण पडलेल्या या मुलामुलींचे पुढे काय होते, हा प्रश्न चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो. परीक्षा हा मध्यमवर्गाचा विषय, आपला विषय हमीभाव, रोजगार आणि धरणग्रस्त, अशी एक सोयीची वाटणी कार्यकर्त्यांच्या मनात झालेली आहे. ही वाटणी आता टिकणारी नाही. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, धीवरांच्या वस्त्यांत, पितळेच्या भांड्यांचा धंदा मोडलेल्या घरांत आज एक तरी मूल असे सापडते की ज्याच्या शिक्षणावर त्या घराने आपली सगळी आशा लावली आहे. त्या आशेचा हिशेब वर्षातून एकदा, एका रविवारी दुपारी, तीन तासांत होतो. हिशेब चुकला तर एक संपूर्ण वर्ष थांबावे लागते.

ज्यांनी १९७०-८० च्या दशकांत शाळा पाहिली त्यांना ‘ऑक्टोबर’ या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असेल. मार्चच्या शालान्त परीक्षेत गडगडलेला मुलगा ऑक्टोबरला बसे. गावात त्याची थट्टा होई, ‘ऑक्टोबरची वारी’ म्हणून त्याला चिडवले जाई. पण ऑक्टोबर होता, ही गोष्ट लहान नव्हती. सहा महिन्यांत उठून उभे राहण्याची वाट समाजाने ठेवलेली होती. पुढे ती परीक्षा जुलैच्या सुमारास घेतली जाऊ लागली, हेतू हा की वर्षच वाया जाऊ नये. म्हणजे एका परीक्षेने माणसाचे वर्ष गिळू नये, हे तत्त्व महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यालाही मान्य आहे. अभियांत्रिकी प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेतही २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा बसता येते आणि त्यांतील चांगले गुण धरले जातात. ज्या परीक्षेवर गरीब जिल्ह्यांचा दवाखाना अवलंबून आहे ती वैद्यकीय परीक्षा तेवढी वर्षाकाठी एकदाच. याचे समर्थन लाखो परीक्षार्थींच्या व्यवस्थेची अडचण पुढे करून केले जाते. अडचण खरी आहे; पण तिचा भार व्यवस्थेने उचलायचा की अठरा वर्षांच्या पोरांनी, हा राजकीय प्रश्न आहे.

ही परीक्षा काही सरळ वाटेने आलेली नाही. २०१३ साली ती प्रथम देशभर घेतली गेली. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती रद्द ठरवली. ११ एप्रिल २०१६ रोजी त्याच न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला, आणि महाराष्ट्रातील मुलांना त्या वर्षी परीक्षा तोंडावर आली असताना कोणत्या अभ्यासक्रमाची तयारी करावी हेच कळेनासे झाले. राज्याच्या कोट्यासाठी वर्षभराची सवलत मिळाली आणि २०१७ पासून सारे या एका चरकात गेले. बारावीच्या गुणांना तेव्हापासून केवळ दाराशी उभे राहण्यापुरती किंमत उरली. राज्य मंडळाच्या पुस्तकावर वर्षभर कष्ट करणाऱ्या मुलाला कळले की प्रश्न केंद्रीय पुस्तकांच्या वाक्यांवरून येतात. चूक त्याची नव्हती. निकाल मात्र त्याचा होता.

आकडे पाहावेत. २०२५ साली सुमारे २२ लाख मुले परीक्षेला बसली. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली. देशातील एम. बी. बी. एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या शासकीय, म्हणजे गरिबाला परवडण्याजोग्या, जवळपास निम्म्या. पात्र ठरलेल्या दहा जणांपैकी नवांना जागा मिळणारच नव्हती. ती त्यांनी कितीही अभ्यास केला असता तरी सर्वांना मिळणार नव्हती. अपयशाची अशी एक राष्ट्रीय योजनाच आखलेली असताना प्रत्येक घरात ते अपयश खाजगी दुःख म्हणून भोगले जाते, ही या व्यवस्थेची खरी करामत म्हटली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्याला ६८६. खुल्या वर्गासाठीची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. एका वर्षात देशाची बुद्धी आटली असे कोणी म्हणणार नाही. प्रश्नपत्रिका कठीण होती, इतकेच. तेव्हा ‘गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या मुलाला इतके होते, तुला एवढेच कसे?’ हा प्रश्न मुळातच अडाणीपणाचा आहे. दोन वर्षांचे गुण शेजारी मांडून काही कळत नाही. कळते ते क्रमांकावरून. पालकांना ही साधी गोष्ट सांगणारा माणूस गावात असला तर जूनमधल्या किती रात्री सुसह्य होतील!

२०२४ च्या त्या गाजलेल्या प्रकरणात एक तपशील असा होता की त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. हरियाणा, छत्तीसगड, मेघालय अशा ठिकाणच्या काही केंद्रांवर मुलांचा परीक्षेतील वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना भरपाईचे गुण दिले गेले होते. त्यावर गदारोळ उठला, ते गुण काढून घेण्यात आले आणि त्यांना २३ जूनला पुन्हा परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. त्यांपैकी ८१३ जण बसले. पेपरफुटीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सबंध परीक्षा रद्द करण्यास नकार दिला आणि सुधारित निकालात पूर्ण गुणांचे मानकरी १७ उरले. या सगळ्या गोंधळातून एक तत्त्व मात्र शासनाने आपल्या तोंडाने मान्य केले: परीक्षार्थीचा वेळ त्याच्या दोषाविना हिरावला गेला असेल तर त्याला पुन्हा संधी देणे न्याय्य होय. काही मिनिटांना जर हा न्याय लागू होतो, तर दोन वर्षांना का लागू होऊ नये? ज्या मुलीला अकरावी-बारावीत शिक्षकच मिळाला नाही तिचा वेळ कोणी हिरावला? ऑगस्ट २०२० च्या महापुरात वैनगंगेने ज्यांची घरे आणि पुस्तके नेली त्यांना भरपाईचे गुण कोणी दिले?

याचे उत्तर ठरलेले असते: पुन्हा बसायला कोणी अडवले आहे? परीक्षेला कितीही वेळा बसता येते, वयाची वरची मर्यादाही २०२२ पासून उरलेली नाही. कागदावर हे खरे आहे. परंतु दुसरे वर्ष फुकट मिळत नाही. ते विकत घ्यावे लागते. तामिळनाडू शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली जो अहवाल दिला त्यात या बाजाराचे चित्र स्वच्छ दिसते. त्या राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ साली शेकडा बाराच्या आसपास होते. २०२०-२१ पर्यंत ते शेकडा सत्तरावर गेले. अर्थात पहिल्या प्रयत्नात जागा मिळणे हाच आता अपवाद झाला आहे. या व्यवस्थेत दुसरा प्रयत्न ही सवलत राहिलेली नसून प्रवेशाची जवळजवळ अट बनली आहे. आणि ही अट पुरी करण्याची ऐपत सर्वांजवळ सारखी नाही.

नागपूर, लातूर किंवा कोटा येथील बड्या शिकवणी वर्गाची वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. धानाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला २३६९ रुपये. लाख रुपये म्हणजे सुमारे ४२ क्विंटल धान झाले. दोन एकरांची बांधी असलेल्या शेतकऱ्याचे सारे खरीप, बियाणे-खत-मजुरी यांचा एक पैसा वजा न करताही, चांगल्या सालात तेवढे भरत नाही. त्यात खरेदी केंद्रावर धान घातल्यावर चुकारे कधी हाती पडतील याचा नेम नसतो, आणि शिकवणीवाल्याचा हप्ता मात्र तारखेला लागतो.

या पट्ट्यातल्या मुलांचे वर्ष शहरातल्या मुलांच्या वर्षासारखे नसतेच. घरी राहून पुन्हा तयारी करायची असे ठरवलेल्या मुलीचे दिनमान पाहावे. जून उलटला की रोवणी. रोवणी हे बाईचे काम, आणि ‘घरीच तर बसली आहे’ असे म्हणून पहिला हात तिचा लागतो. जुलै-ऑगस्ट गुडघाभर चिखलात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि चुरणी. मग लग्नसराई, आणि तिच्यासाठी स्थळांच्या गोष्टी. ज्याला विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी आहे त्याच्याकडे उन्हाळी धान, ज्याला जंगल जवळ आहे त्याच्याकडे मे महिन्यात तेंदूपत्ता. परीक्षाही नेमकी मेच्या आरंभी. मुलगा असला तर चित्र थोडे बरे. पण तोही दुपारी कुठे ना कुठे कामाला जुंपलेला असतो. शहरातला मुलगा ‘ड्रॉप’ घेतो तेव्हा त्याला एक रिकामे वर्ष मिळते. खेड्यातल्या मुलीला वर्ष मिळत नाही. भरलेल्या वर्षातून चोरलेले तास मिळतात.

आता शेतीतलीच एक गोष्ट. पहिल्या पावसाने पेरणी झाली आणि मग पंधरवडा उघडीप पडली तर पऱ्हे करपतात. शेतकरी पुन्हा बियाणे आणतो, पुन्हा पेरतो. या दुबार पेरणीला कोणी त्याची नालायकी म्हणत नाही. उलट दुबार पेरणीसाठी बियाणे द्या, कर्ज द्या म्हणून मोर्चे निघतात, आणि त्या मोर्चांच्या पुढे समाजवादी कार्यकर्ता असतो. त्याच शेतकऱ्याच्या मुलीने पुन्हा परीक्षेला बसायचे म्हटले की तोच कार्यकर्ता तिच्या बापाला सल्ला देतो, “जाऊ द्या, झेपणार नाही तिला, कुठेतरी बी. ए. ला टाका.” पिकाला एक न्याय आणि पोराला दुसरा, हे कसे?

पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांची उदाहरणे द्यायची तर चळवळीला लांब जायला नको. गांधीजी लंडनच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास झाले. ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. ते पुन्हा बसले, दुसऱ्या खेपेस विज्ञानातला अवघड वाटणारा रसायन हा विषय सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला, राहणी आणखी काटकसरीची केली आणि उत्तीर्ण झाले. शाळांतून ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातला दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही: ती परीक्षा दर सहा महिन्यांनी होत असे, आणि विषय बदलण्याची मोकळीक होती. १८९० च्या सुमाराच्या साम्राज्यवादी इंग्लंडमधील विद्यापीठाने वसाहतीतून आलेल्या एका मुलाला जी सवड दिली ती स्वतंत्र भारताने आपल्या मुलांना देऊ नये काय?

बाबासाहेब आंबेडकरांचे तर अवघे शिक्षण खंड पडून पुन्हा जोडलेले आहे. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून शिल्लक टाकलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या साहाय्यावर आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या कर्जावर. पुढे त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा लिहून धाडला आणि १९२३ साली पदवी मिळवली. अलौकिक बुद्धीच्या माणसालाही दुसरी संधी उभी करण्यासाठी शिल्लक, राजाश्रय आणि मित्र असे तिन्ही लागले, हे विसरून चालणार नाही. (भंडाऱ्याचा आणि बाबासाहेबांचा संबंध आणखी एका पराभवाचा आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत येथे ते हरले आणि त्याच द्विसदस्य मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. त्या निकालाचा विचार समाजवाद्यांनी पुरेसा केला आहे असे दिसत नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.)

तेव्हा करायचे काय? ही परीक्षाच रद्द व्हावी, प्रवेश पुन्हा राज्यांच्या हाती यावेत, अशी एक मागणी आहे आणि तिच्या बाजूने सांगण्याजोगे पुष्कळ आहे. तामिळनाडूने तो लढा वर्षानुवर्षे चालवला आहे. परंतु ज्या मुलीचा निकाल याच जूनमध्ये लागला तिला त्या लढ्याच्या निकालापर्यंत थांबता येणार नाही. उलट बाजूने, पुन्हा बसण्यावर मर्यादा घाला म्हणजे शिकवणीबाजार आटोक्यात येईल, असेही काही पुरोगामी मंडळी सुचवतात. ही सूचना घातक आहे. श्रीमंताच्या मुलाची तयारी आठवीपासून चालते. त्याचा पहिलाच प्रयत्न वस्तुतः चौथा असतो. मर्यादा घातली की मारला जाईल तो गरीब, ज्याला परीक्षा म्हणजे काय हेच पहिल्या प्रयत्नात कळते. संधी कमी करायची नसून ती वापरण्याची ऐपत वाढवायची आहे.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. महाज्योतीसारखी संस्था इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना या परीक्षांचे मोफत प्रशिक्षण देते, टॅब देते. पण या योजनेचा आरंभ अकरावीच्या प्रवेशापासून होतो आणि तिचे गणित दोन वर्षांचे असते. तिसऱ्या वर्षाला, म्हणजे खऱ्या गरजेच्या वर्षाला, हात पोचत नाही. पुन्हा बसणाऱ्या मुलांसाठी, निदान मुलींसाठी, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी शासकीय वसतिगृहात वर्षभराची जागा, जेवण आणि पदार्थविज्ञान-रसायनाचा एकेक शिक्षक, एवढी मागणी अवास्तव नाही. रोवणीची मजुरी बुडते तेवढे विद्यावेतन त्यात धरले पाहिजे. नाहीतर वसतिगृह उघडेल आणि मुलगी बांधीतच राहील.

भंडाऱ्याच्या बाबतीत तर ही मागणी अधिक जोराने करण्याचे कारण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे येथील जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशुंच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था कुजली की काय होते याचा तो पुरावा होता. त्यानंतर भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले; ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत तेही होते. स्वागतार्ह गोष्ट. मात्र त्यात शिकणार कोण? विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी ७० टक्के जागा प्रादेशिक ठेवण्याची जुनी पद्धत राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये मोडली. मराठवाड्याची तक्रार खरी होती, तिथे महाविद्यालये थोडी आणि मुले फार होती. पण उपाय म्हणून सारी भिंतच पाडली गेली आणि झाडीपट्टीतले मूल आता मोठ्या शहरांतल्या मुलांशी थेट झुंजते. तामिळनाडूने २०२० पासून सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी वैद्यकीय जागांत साडेसात टक्के आरक्षण ठेवले आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि नगर परिषदांच्या शाळांतून आलेल्या मुलांसाठी असे काही करण्याची चर्चादेखील नाही. कारध्याच्या मुलीला पुलापलीकडे महाविद्यालयाची इमारत दिसावी आणि तिच्या वर्गात जिल्ह्यातले एक डोके नसावे, अशी पाळी येणार असेल तर ते महाविद्यालय भंडाऱ्यात असून भंडाऱ्याचे नाही.

या मागण्या लावून धरायला वेळ लागेल. दरम्यान गावात काय करता येईल, तिकडे वळले पाहिजे, कारण येथे कार्यकर्त्याला मुंबईच्या परवानगीची गरज नाही.

पहिले काम निकालानंतरच्या पंधरवड्याचे. या दिवसांत कोणताही निर्णय घेऊ नये आणि घरच्यांना घेऊ देऊ नये. मुलगा जेवत नाही, बोलत नाही, रात्री बाहेर निघून जातो, तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा मानसिक आरोग्याचा शासकीय दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो घरात माहीत असावा. नदीकाठच्या गावाला हे अधिक सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर उत्तरपत्रिका काढून बसावे. या परीक्षेत १८० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा, कोऱ्याला शून्य. शंभर बरोबर आणि पन्नास चूक असतील तर ३५० गुण होतात. त्याच पन्नासांपैकी वीस प्रश्न अंदाजाने न ठोकता कोरे सोडले असते तर एक अक्षर जास्त न शिकता ३७० झाले असते. कोणते प्रश्न न येऊन चुकले, कोणते येत असून घाईने चुकले आणि कोणते इंग्रजी वाक्य न कळल्याने चुकले, या तीन ढिगांत ते वेगळे केले की वर्षभराचे काम समोर दिसते. तिसरा ढीग मोठा निघाला तर मराठी प्रश्नपत्रिकेचा पर्याय उपलब्ध आहे हे तपासावे. पण अभ्यास इंग्रजीत आणि परीक्षा मराठीत असा घोळ मात्र करू नये, कारण संज्ञा त्याच वेळी अडतात.

जीवशास्त्राचे प्रश्न ९०, म्हणजे निम्मे गुण. केंद्रीय मंडळाची दोन पुस्तके ओळ न् ओळ वाचून हा विषय खेड्यात, शिक्षकाविना, बराचसा पेलता येतो. ती पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. पदार्थविज्ञानाचे तसे नाही. तेथे माणूस लागतो, फळा लागतो, अडले की विचारता यावे लागते. भंडारा शहरात निवृत्त प्राध्यापक आहेत, अभियांत्रिकी शिकून बेकार बसलेले तरुण आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी पूल ओलांडून यायला त्यांना कोणी विचारलेलेच नाही. परीक्षेचा आराखडाही बदलत असतो: २०२१ पासून २०२४ पर्यंत दोनशेपैकी एकशे ऐंशी प्रश्न निवडायची सोय होती आणि २०२२ पासून दोनशे मिनिटे होती, २०२५ साली निवड गेली आणि वेळ १८० मिनिटांवर आला. जुन्या सवयीने पुन्हा बसलेल्यांची त्यात फसगत झाली. ही बातमी शहरातल्या वर्गात पहिल्या दिवशी कळते, गावात अर्ज भरताना.

आणि केवळ याच एका दारावर डोके आपटायचे असेही नाही. याच गुणांवर राज्यात आयुर्वेद आणि पशुवैद्यक यांचेही प्रवेश होतात. गाईम्हशींच्या या मुलखात पशुवैद्य होणे हे दुय्यम यश मानण्याची रीत कोणी पाडली कोण जाणे. बी. एस्सी. ला नाव घालून ठेवून पुन्हा तयारी करणेही शहाणपणाचे, म्हणजे वर्षाच्या शेवटी हात अगदी रिकामे राहत नाहीत. किती वेळा बसायचे याला मात्र घराने आधीच हद्द घालून घ्यावी. दुबार पेरणी शेतकरी करतो. पाऊस पाहून कधी थांबायचे हेही तोच ठरवतो. चार-पाच वर्षे एकाच परीक्षेपाशी गोठलेले तरुण शहरांच्या खोल्यांतून दिसतात, त्यांना चिकाटीचे नाव देणारे बहुधा त्यांच्याकडून फी घेणारेच असतात.

२०२५ ची परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळेत झाली, मेच्या आरंभी, जेव्हा भंडाऱ्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकत असतो. घरात पत्रे तापलेले, भाऊ-बहिणी झोपलेल्या, दूरदर्शन चालू. तीन तास एका जागी बसून पेपर सोडवण्याचा सराव अशा घरात होत नाही. ग्रामपंचायतीची खोली किंवा शाळेचे वर्ग सुटीत दुपारी रिकामे असतात. फेब्रुवारीत अर्ज निघतात. त्याआधी, जानेवारीपासून दर रविवारी दोन ते पाच एक खोली, एक पंखा, छापलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि घड्याळ घेऊन दाराशी बसणारा एक माणूस, एवढ्याची तजवीज गावोगावच्या शाखांनी केली पाहिजे. किल्ली कोणाकडे असते, हे डिसेंबरातच विचारून ठेवावे.